धानाच्या मुलखातला नटक्रॅकर

नटक्रॅकर हा बॅले बसवायचा म्हटलं की सगळ्यांची पहिली चौकशी बर्फाची असते. थर्मोकोल किसायचा की कापूस उधळायचा? छत्तीसगढमधल्या अभनपूरच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर. डिसेंबरात त्यांच्या खळ्यावर वेगळंच काही उडत असतं. झोडपलेलं धान वाऱ्यावर उफणलं की दाणे सरळ पायाशी पडतात आणि फोलपट तिरकं तरंगत जातं. आता बहुतेक ठिकाणी थ्रेशर आलाय, पण सूप घरोघरी आहे आणि ते कसं झुलवायचं हे मुलींच्या मनगटांना ठाऊक आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी हिमकणांचं वॉल्ट्झ येतं. ते तीन-तीनच्या चालीत आहे, दादऱ्याच्या अंगाने सहज मोजता येतं. संगीतकार चायकोव्स्कीने तिथे शब्दांवाचून गाणारा कोरस ठेवलाय. त्या सुरांवर मुली सूप घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा मला फार शिकवावं लागलं नाही. पहिल्या मात्रेला उचल, पुढच्या दोन मात्रांत झेल.

मी खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात कथक शिकले, राहते रायपूरला. अभनपूरला शिकवायला जाणं २०२५च्या मार्चअखेरीस मेमू रेल्वे सुरू झाल्यापासून सोपं झालंय. बॅले माझं शास्त्र नाही, आणि मुलांना पंजांच्या टोकांवर उभं करण्याचा माझा विचारही नाही. त्याला वर्षांची तयारी आणि तसा गुरू लागतो. मला हवी आहे ती गोष्ट आणि तिचं संगीत.

ही गोष्ट मुळातच प्रवासी आहे. जर्मन लेखक हॉफमानने ती १८१६ साली लिहिली, फ्रान्समध्ये अलेक्झांडर द्यूमाने १८४४ साली ती मवाळ करून सांगितली, आणि त्यावरून सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंचावर १८ डिसेंबर १८९२ रोजी बॅले उभा राहिला. समीक्षक खूश नव्हते. रंगमंचावर मुलंच फार आहेत, ही त्यांची एक तक्रार. मला तर या बॅलेचं सगळं बळ त्या मुलांतच दिसतं.

नृत्यरचनेचा आराखडा मारियस पेतिपाचा. पुढे तो आजारी पडला आणि प्रत्यक्ष रचना लेव इवानोवने केली. पण पेतिपाने संगीतकाराला कोणत्या प्रसंगाला किती बार हवेत हे आधीच मोजून लिहून दिलं होतं. मध्यरात्री नाताळचं झाड वाढू लागतं, त्या जागी त्याने ४८ बारचं, चढत चढत भव्य होत जाणारं संगीत मागितलं. या बॅलेचा कणा मला तिथे सापडतो. आधीच्या मेजवानीत सगळं मोठ्यांच्या मापाचं असतं. झाड वाढायला लागलं की गोष्टीतली मुलगी लहान होत जाते, बाहुले तिच्या उंचीचे होतात आणि उंदीर तिच्याएवढे. न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली जॉर्ज बॅलनशीनने हा बॅले नव्याने केला तेव्हा झाडावरच्या खर्चाला त्याने कात्री लावू दिली नाही. बरोबर केलं. त्या संगीतात झाड तोकडं पडलं तर पुढचं काहीच खरं वाटत नाही.

आमच्याकडे झाडाऐवजी धानाची कोठी वाढते. बांबूच्या कड्यांवर जुन्या साड्या शिवल्यात. कडी एकात एक मिटलेली असतात आणि दोरी ओढली की एकेक वर येतं. घाई केली तर चाळीस बारच्या आतच कोठी छताला लागते आणि संगीत एकटं चढत राहतं. म्हणून दोरी धरणारा मुलगा सगळ्यात चांगला मोजणारा निवडलाय. तो नाचत नाही, पण सगळा प्रयोग त्याच्या हातात आहे.

उंदरांची लढाई तर इथे आपोआप जिवंत झाली. श्रीमंत दिवाणखान्यात सात मुकुटांचा उंदीरराजा ही निव्वळ कल्पना. कोठीभोवती तो वर्षभराच्या जेवणावरचा घाला होतो. गोष्ट सांगत होते तेव्हा एक मुलगा मध्येच म्हणाला, ‘दीदी, मुसवा मन तो सिरतोन म धान खाथें.’ म्हणजे उंदीर तर खरोखरच धान खातात. त्या दिवसापासून उंदीर झालेल्या मुलांच्या चालीत गंमत उरली नाही, भूक आली. शांती बर्धनच्या लिटल बॅले ट्रूपने मुंबईत १९५०च्या दशकात कळसूत्री बाहुल्यांच्या चालीने माणसांकडून रामायण करवून घेतलं. ती मंडळी पुढे ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेली. बाहुला आणि प्राणी माणसाच्या सांध्यांतून कसा काढायचा, हे त्या कामाकडून शिकावं. मुखवटा नंतर.

आता अवघड भाग. १८ डिसेंबर ही आमच्याकडे गुरू घासीदासांची जयंती. त्या दिवशी गावोगाव जैतखांबाभोवती पंथी नाच होतो, मांदर आणि झांजेची लय वाढत जाते, मुलं एकमेकांच्या खांद्यांवर मनोरे रचतात. तालमीची काही मुलं त्या दिवसांत पंथीतच असतात, आणि असावीत. मला सुचवलं गेलं की दुसऱ्या अंकात, मिठाईच्या राज्यात, पंथी घाला, झाडाच्या जागी जैतखांबच दाखवा, प्रेक्षक उठून टाळ्या देतील. देतील, पण मी हे करणार नाही. तो श्रद्धेचा खांब आहे. मिठाईच्या राज्यात, करमणुकीसाठी तो उभा करायचा नसतो.

दुसरा अंक सगळीकडेच अशाच प्रश्नावर अडलाय. मूळ रचनेत चॉकलेट म्हणून स्पॅनिश नाच, कॉफी म्हणून अरबी, चहा म्हणून चिनी. चिनी नाचात तर्जन्या वर करून मान डोलवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. २०१७ साली न्यूयॉर्क सिटी बॅलेने त्यातल्या अशा नकला बदलल्या, आणि आणखी ठिकाणीही फेरविचार झाला. गंमत अशी की ‘अरबी’ नाचाची धून मुळात जॉर्जियातली अंगाई आहे. कुणाचं तरी सोंग काढताना आपण त्या माणसाकडे पाहिलेलंच नसतं. आपल्या स्नेहसंमेलनांतला ‘आदिवासी डान्स’ आठवा. पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात भाला, अर्थहीन आरोळ्या. छत्तीसगढमध्ये, जिथे वर्गात गोंड मुलं बसलेली असतात, तिथेही हे चालतं. ते बघताना त्या मुलांचे चेहरे मी पाहिलेत, आणि माझ्या वर्गात ते पुन्हा पाहायचे नाहीत.

म्हणून आमच्या मिठाईच्या राज्यात देश नाहीत, पदार्थ आहेत, तेही मुलांच्या घरचे: देहरौरी, खुरमी, पपची, अइरसा, आणि माझ्या घरून करंजी. प्रत्येक नाच तो पदार्थ करणाऱ्या हातांतून काढलाय. साखरपरीच्या नाचाला घुंगरू सोडून ठेवतो. तिथे सेलेस्टा वाजतो, पॅरिसहून गुपचूप मागवलेलं तेव्हाचं नवं वाद्य. ते इतर रशियन संगीतकारांच्या हाती आधी लागू नये, अशी चायकोव्स्कीची धडपड होती. त्याच्या आवाजावर घुंगरांचा एक तोडा पडला तरी तो ऐकू येत नाही.

गोष्ट अशी दुसऱ्या वस्तीत नेणारे आम्हीच नाही. शिकागोच्या जॉफ्री बॅलेसाठी ख्रिस्टोफर व्हीलडनने २०१६ साली हीच गोष्ट १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर राबणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्तीत नेली. मुलगी गरीब शिल्पकार बाईची. संगीत तेच. (त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, आणि त्यांच्या बालपणाची काही वर्षं रायपुरात गेली. हे सांगितलं की आमची मुलं शिकागोला परकं मानत नाहीत.) नाताळही इथे परका नाही. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ साली याच भागात बिसरामपूर वसवलं, म्हणजे हा बॅले रशियात जन्मण्याच्या आधीपासून इथे नाताळ होतोय.

शेवट मात्र बराच काळ सुटत नव्हता. पहिल्या प्रयोगात अखेरीला मधमाश्यांचं पोळं होतं, मुलगी घरी परतताना दिसतच नाही. नंतर कुणी तिला झोपेतून उठवलं, कुणी बर्फगाडीतून उडवलं. आमचा प्रयोग पौष पौर्णिमेच्या जवळ आहे, छेरछेराच्या. त्या दिवशी मुलं झोळ्या घेऊन दारोदार धान मागतात आणि कुणी नाही म्हणत नाही. तर शेवटच्या वॉल्ट्झवर सगळी मुलं, उंदीरसुद्धा, झोळ्या घेऊन प्रेक्षकांत उतरतात. पालकांना निरोप गेलाय की येताना घरून मूठभर धान आणा. संयोजकांना सभागृहात सांडलवंड नकोय, कागदी तुकडे चालतील म्हणतात. मी धानावर अडून बसलेय. झाडून काढण्याचं काम माझ्याकडे घेतलंय.