मीटरगेजवरून आल्प्समध्ये

आमचे बाबा रेल्वेत पी.डब्ल्यू.आय. होते. लोंढा, कॅसलरॉक, कुळे हा त्यांचा मुलूख. रूळ, स्लीपर, खडी आणि पावसाळ्यात घाटात कोसळणाऱ्या दरडी, यांतच त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी गाडीत बसले की त्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या देखाव्यापेक्षा रुळांच्या आवाजाकडेच जास्त. झुरिकला राहणाऱ्या दादाने "बाबांना घेऊन ये, आल्प्स दाखवू" असं कळवलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "तिथं गेज कुठला?"

दुसरा प्रश्न माझा होता आणि तो मी डॉक्टरांना विचारला. बाबांना गेली काही वर्षं दमा आहे. जिना चढले तरी दोनदा थांबतात. डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, पण फार उंचावर एकदम नेऊ नका." दादाने मात्र युंगफ्राउयोखची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ते रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे, युरोपातलं सर्वांत उंच. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. हे ओझं मनावर घेऊनच मी विमानात बसले.

झुरिकहून बर्नमार्गे इंटरलाकेनला दोन-सव्वादोन तासांत पोचलो. तिथल्या ओस्ट, म्हणजे पूर्वेकडच्या स्टेशनवर गाडी बदलायची. समोरच्या फलाटावर निळी-पिवळी लहानशी गाडी उभी होती. बाबा फलाटाच्या कडेला वाकले आणि एवढ्या मोठ्याने म्हणाले की दोन जपानी बायका वळून बघू लागल्या, "अगं, मीटरगेज!"

खरंच मीटरगेज. ही लाइन १८९० पासून तशीच चालू आहे. आपल्याकडे मिरज-लोंढा, लोंढा-वास्को सगळं ब्रॉडगेज झालं, आणि त्या कामात बाबाही होतेच. पण मीटरगेजचं नाव निघालं की ते अजून हळवे होतात. पुढे त्स्वाइल्युटशिनेन नावाच्या स्टेशनवर गाडीचे दोन तुकडे होतात, अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला आणि अर्धे लाउटरब्रुनेनला. जाणाऱ्यांनी डब्यावरची पाटी वाचूनच बसावं. आम्ही वाचली नव्हती आणि शेवटच्या मिनिटाला बॅगा घेऊन धावलो. बाबा धावले नाहीत. ते आधीच बरोबर डब्यात बसले होते.

लाउटरब्रुनेनची उंची जवळजवळ आपल्या बेळगावएवढीच, आठशे मीटरच्या आत. पण दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे धबधबे. त्यांतला श्टाउबबाख सुमारे तीनशे मीटर उंचीचा आहे. नावाचा अर्थ धुळीचा ओढा, आणि ते नाव खरंच शोभतं. निम्मं पाणी खाली पोचायच्या आत वाऱ्याने भुरभुर उडून जातं. बाबांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "उंची दूधसागराएवढी, पाणी कमी. श्रावणात यांनी आपल्याकडे यावं."

इथून वेंगेनला जाणारी गाडी आणखी अरुंद, ८०० मिलिमीटर गेजची. दोन रुळांच्या मधोमध दात असलेली तिसरी पट्टी, आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्या दातांत अडकत वर चढतं. उटीच्या गाडीतही हीच युक्ती आहे आणि तिची जुनी वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडच्याच विंटरथूर गावात तयार झालेली. बाबा सांगत होते की आपल्या घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ, तरी मागून बँकर इंजिनं लावावी लागत. इथं वरच्या युंगफ्राउ लाइनवर चार फुटांना एक फूट! समोरचे प्रवासी डोंगर बघत होते आणि आम्ही दाते.

वेंगेनमध्ये मोटारी नाहीत. सामान विजेवरच्या छोट्या गाड्यांतून हॉटेलवर जातं आणि माणसं चालत. संध्याकाळी बाल्कनीतून समोर युंगफ्राउचं बर्फ गुलाबी होत गेलं. वहिनीने बेळगावहून आणलेला कुंदा काढला. वरच्या तिकिटांचा विषय मात्र कोणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी केबल कारने मेनलिखेनला गेलो. गावातूनच रोपवे निघतो आणि पाच-सहा मिनिटांत नऊशेहून अधिक मीटर वर, सव्वादोन हजारांच्या आसपास नेऊन सोडतो. गाडीत चढ पाठीला जाणवतो, डोंगर हळूहळू ओळखीचा होतो. केबल कारमध्ये तसं काहीच नाही. पायाखालची घरं आगपेट्यांसारखी होतात, कान दडे बसतात आणि दार उघडतं. मला ते फार आवडलं नाही. पण गुडघे आणि छाती साथ देत नसलेल्या माणसाला त्याच सहा मिनिटांनी डोंगरमाथ्यावर आणलं, हेही खरं.

मेनलिखेनहून क्लाइने शायडेकपर्यंत साधारण साडेचार किलोमीटरची पायवाट आहे. बहुतेक सपाट, नंतर थोडी उतरती. पाटीवर दीड तास लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "लाइन तपासायला रोज याच्या दुप्पट चालायचो." काठी घेतली आणि निघाले. आम्हाला तीन तास लागले. दर दोन-तीनशे पावलांवर बाबा थांबत. "थांबायला नको, बघायला थांबतोय," असं वर सांगत. पण खरंच बघण्यासारखं होतं. समोर एका रांगेत तीन शिखरं, डावीकडे काळा आयगर ३,९६७ मीटरचा, मधे म्योंख, उजवीकडे युंगफ्राउ ४,१५८ मीटरची. म्योंख म्हणजे संन्यासी आणि युंगफ्राउ म्हणजे कुमारिका. राक्षस आयगरपासून कुमारिकेला वाचवायला संन्यासी मधे उभा आहे, असं लोक गमतीने सांगतात. गवतात गडद निळी फुलं होती, गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा खालून ऐकू येत होत्या. एका दगडाआडून मार्मोट नावाचा घुशीएवढा गुबगुबीत प्राणी शीळ घालून पळाला. बाकावर बसून धपाटे आणि शेंगाचटणी खाल्ली. त्या हवेत शेंगाचटणीची चव काय लागते ते सांगून कळणार नाही.

क्लाइने शायडेकला पोचलो तेव्हा आयगरची उत्तर भिंत अगदी समोर आली. सुमारे १,८०० मीटरचा सरळ उभा, सावलीतला कडा. आणि त्याच्या पोटातून रेल्वे जाते. झुरिकचे उद्योजक अडोल्फ गुयर-त्सेलर १८९३ मध्ये मुलीबरोबर याच भागात डोंगर भटकत असताना त्यांना ही कल्पना सुचली. काम १८९६ मध्ये सुरू झालं. सात वर्षांत पुरं व्हायचं ते सोळा वर्षं चाललं. खोदणारे बहुतेक इटालियन मजूर. १८९९ मध्ये एका स्फोटातच सहा जण गेले. त्याच वर्षी गुयर-त्सेलरही वारले. वरच्या स्टेशनला गाडी पोचली ती १ ऑगस्ट १९१२ ला.

बाकावर बसल्या बसल्या दादाने दुसरी गोष्ट सांगितली. जुलै १९३६ मध्ये चार तरुण ही भिंत चढायला गेले होते. हवा बिघडली, परत फिरले. बोगद्यातून कड्यावर उघडणारं एक दार आहे, राडारोडा बाहेर टाकण्यासाठी केलेलं. त्या दारातून रेल्वेच्या लाइनमनने बाहेर येऊन हाक मारली. वरून उत्तर आलं, सगळं ठीक आहे. तो आत गेला आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. बराच वेळ कोणी येईना म्हणून पुन्हा बाहेर आला, तर एकटा टोनी कुर्त्स मदतीसाठी ओरडत होता. बाकीचे तिघे गेले होते. लाइनमनने फोन केला, खास गाडीने वाटाडे त्या दारापाशी आले, पण अंधारात पोचता येईना. रात्रभर तो दोरावर लटकून राहिला. सकाळी खाली उतरताना जोडलेल्या दोराची गाठ कडीत अडकली आणि वाटाड्यांपासून हातभर अंतरावर त्याने प्राण सोडला. पुढे १९३८ मध्ये हाइनरिख हारर आणि तिघांनी ती भिंत सर केली. हा हारर म्हणजे तोच, जो युद्धात आपल्या डेहराडूनच्या छावणीत कैदी होता आणि तिथून तिबेटला पळाला.

बाबांना हाररचं काही वाटलं नाही. ते बराच वेळ कड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्याचा चहा गार झाला असेल." पावसाळ्यात रात्री घाटात कंदील घेऊन फिरणारे आपले गँगमन त्यांना आठवत असावेत, एवढंच मला कळलं.

त्या रात्री तिकिटांचा विषय निघालाच. दादा म्हणाला, "हजारो म्हातारी माणसं जातात, दोन तासांचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, "डॉक्टरांनी नको सांगितलंय." आवाज जरा चढले. तिकिटं महाग होती, पण दादाला पैशाचं दुःख नव्हतं. बाबांना तिथवर नेण्याचं त्याने किती वर्षं मनात धरलं होतं, ते मला त्या भांडणात समजलं. बाबा शांतपणे म्हणाले, "मी बोगद्याच्या तोंडापर्यंत येतो. पुढं तुम्ही जा."

आणि तसंच झालं. क्लाइने शायडेकहून पुढची लाइन पुन्हा मीटरगेज. पहिले दोनेक किलोमीटर उघड्यावरून गाडी आयगरग्लेचर स्टेशनला येते, उंची २,३२० मीटर. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून नवा रोपवे पंधरा मिनिटांत थेट इथं येतो, त्यामुळे गर्दी आता इथंच जास्त. बाबा उतरले, ऊन बघून बाकावर बसले. मी त्यांच्याजवळ थांबणार होते, तर म्हणाले, "तू जा. आतले रूळ कसे आहेत ते कोण सांगणार मला?"

पुढे सात किलोमीटर बोगदा. मधे आइसमेर स्टेशनला पाचेक मिनिटं गाडी थांबते; कड्याला पाडलेल्या खिडकीतून तडे गेलेली हिमनदी दिसते. वर पोचल्यावर माझं डोकं हलकं झालं, चार पायऱ्यांना धाप लागली. बाबांना आणलं नाही ते बरं केलं, असं दादा आपणहून म्हणाला. आलेच हिमनदी वीसेक किलोमीटर लांब, पांढऱ्या राजरस्त्यासारखी वळत गेलेली. दीडशे वर्षांत ती तीन किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. आम्हाला ती मोजून दहा मिनिटं दिसली. मग धुकं आलं आणि बाकी वेळ आम्ही सर्व देशांच्या गर्दीत पांढऱ्या भिंतीकडे बघत, महागडा चहा पीत उभे होतो.

खाली आलो तर बाबा त्याच बाकावर. खाली धुकं नव्हतंच. युंगफ्राउच्या अंगावरून बर्फाचा कडा सुटताना त्यांनी पाहिला होता, "आधी दिसतं, आवाज मागून येतो." अकरा गाड्या मोजल्या होत्या. उतरणीला मोटारच वीज तयार करते आणि तीच गाडीला आवरते, हे त्यांनी एका गार्डकडून खुणांनी समजून घेतलं होतं. त्याला कुंदाही दिला होता.

"ते दार दिसलं का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, नाही दिसलं. भिंतीतलं जुनं स्टेशन २०१६ पासून बंद आहे, गाडी तिथं थांबत नाही. काळोखात काही कळलं नाही.

"तिथं अजून कोणीतरी रूळ बघायला जात असेलच," बाबा म्हणाले, आणि काठी शोधू लागले.