कुंपणावरची ब्लॅकबेरी

पीटरबरो शहरापासून थोड्याच अंतरावर हेल्प्स्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. चुनखडी दगडाची घरे, मध्ये जुने चर्च आणि चर्चच्या आवारात कवी जॉन क्लेअर (1793–1864) याची समाधी. शेतमजुराच्या पोटी जन्मलेल्या आणि स्वतःही मजुरी केलेल्या या कवीचे घर पाहावे, म्हणून गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तेथे गेलो. घर पाहिले, समाधीपुढे क्षणभर उभे राहिलो. परंतु मनात राहिले ते गावाबाहेरचे एक काटेरी कुंपण.

शेताच्या कडेने हॉथॉर्न झाडांचे पुरुषभर उंच कुंपण होते आणि त्यावर ब्लॅकबेरी लगडल्या होत्या. हे झुडूप तेथे कोणी मुद्दाम लावीत नाही. पाखरांनी टाकलेल्या बीतून ते उगवते आणि त्याच्या लांब, वाकलेल्या फांदीचे टोक जमिनीला टेकले की तेथेच मूळ धरते. फांदी पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते. एकाच घोसात हिरवी, तांबडी आणि काळी फळे दिसतात. टोकाचे फळ सर्वांत आधी पिकते आणि तेच गोडीला सर्वांत सरस. काटे आणि रंग पाहून आम्हांस आपल्याकडील करवंदांच्या जाळ्या आठवल्या.

तोंडाला पाणी सुटले, पण हात पुढे होईना. शेत दुसऱ्याचे, कुंपण दुसऱ्याचे. परमुलखात चोरीचा आळ नको. तेवढ्यात हातात डबा आणि आकडीची काठी घेतलेल्या एक आजीबाई आल्या. काठीने उंचावरची फांदी ओढून घेत त्या म्हणाल्या, "घ्या की! ही सर्वांचीच आहेत. मात्र गुडघ्याखालची घेऊ नका, या वाटेने कुत्री जातात." त्यांनी आणखी एक पथ्य सांगितले. 29 सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणानंतर ही फळे खाऊ नयेत. स्वर्गातून ढकललेला सैतान त्या दिवशी ब्लॅकबेरीच्या जाळीत पडला आणि रागाने तिच्यावर थुंकला, अशी तेथील लोककथा आहे. 1752 साली इंग्लंडने पंचांग बदलले, त्यामुळे कोणी ही मर्यादा 10 ऑक्टोबरपर्यंतही नेतात. कथेच्या पोटात अनुभव आहे. गारठा आणि ओल वाढली की उशिराची फळे पाणचट होतात, त्यांना बुरशी धरते.

परंतु दुसऱ्याच्या कुंपणावरची फळे सर्वांची कशी? या प्रश्नाचे मूळ त्या कुंपणांच्याच इतिहासात आहे. पूर्वी तेथे गावोगावी उघडी शेते आणि गायराने होती. गरिबाची गाय तेथे चरे, जळण मिळे, कापणीनंतर सरवा वेचता येई. पुढे ही जमीन वाटून, कुंपणे घालून खाजगी करण्याचे कायदे झाले. 1604 ते 1914 या काळात असे सुमारे 5,200 कायदे संमत झाले आणि इंग्लंडची एक पंचमांशाहून अधिक भूमी त्यांखाली आली. हेल्प्स्टनचा कायदा 1809 सालचा. तेव्हा क्लेअर पंधरा-सोळा वर्षांचा होता. आपले गायरान गेल्याचे दुःख त्याच्या कवितेत पुन्हा पुन्हा येते. आणि पोटासाठी कुंपणे घालण्याची मजुरीही त्याला करावी लागली.

जमीन गेली, पण कुंपणावरचे फळ वेचण्याची रीत टिकली. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या 1968 च्या चोरीविषयक कायद्यानेही ती मानली आहे. रानात आपोआप वाढलेल्या झुडपाचे फळ कोणी तोडले, तर ती चोरी ठरत नाही. विक्रीसाठी तोडले, तर मात्र ठरते. घरी नेऊन सफरचंदाबरोबर शिजवा, जॅम करा, कायद्याची हरकत नाही.

शिक्षकी पेशामुळे आम्हांस आणखी एक गोष्ट भावली. तेथील मुख्याध्यापकांनी लिहिलेल्या जुन्या लॉगबुकांत, मुले ब्लॅकबेरी वेचावयास गेल्याने हजेरी कमी, अशा अर्थाच्या नोंदी सप्टेंबरच्या पानांवर वारंवार आढळतात. 1880 साली शिक्षण सक्तीचे झाले, तरी त्या थांबल्या नाहीत. पुढे 1918 साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, सैनिकांच्या जॅमसाठी फळे हवी होती. तेव्हा शाळांनीच मुलांना शाळेच्या वेळात कुंपणांवर पाठविले.

हे वाचताना खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेतला सुमारे वीस वर्षांपूर्वीचा एक जून आठवला. शाळा नुकतीच उघडली होती. सातवीतील चार मुले जांभळ्या ओठांनी दुसऱ्या तासाला वर्गात आली. शाळेमागच्या कोणाच्या तरी बांधावर त्यांनी उरलीसुरली करवंदे खाल्ली होती. आम्ही त्यांना सर्वांसमक्ष चोर म्हटले आणि दिवसभर वर्गाबाहेर उभे केले. त्यांतला एक मुलगा पुढे शाळेत आला नाही. कारण तेच होते की दुसरे काही, हे विचारावयास आम्ही त्याच्या घरी गेलो नाही. हजेरीपटावर महिनाभर त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडीत राहिलो.

त्या परक्या मुख्याध्यापकांनी निदान कारण तरी लिहून ठेवले होते.