फुकटची शाळा

माझ्या वडिलांच्या स्टुडिओंत एक काळा कोट कायमचा खुंटीला टांगलेला असे. त्याच्या शेजारीं पूर्वीं एक पगडीहि होती म्हणतात. मला कळूं लागलें तेव्हां पगडी गेली होती आणि कोट तेवढा उरला होता. फोटो काढवून घ्यावयास आलेल्या ज्या गृहस्थाजवळ स्वतःचा बरा कोट नसेल, त्यानें तो चढवावा, गुंड्या लावाव्या आणि खुर्चीवर ताठ बसावें, अशी व्यवस्था होती. त्या एकाच कोटांत आमच्या पेठेंतले किती उपवर तरुण मुलीकडच्या मंडळींपुढें गेले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. गिऱ्हाईक आपल्या पायांनीं येई, आपल्या मर्जीनें बसे, आणि आपलें रूप कसें दिसावें हें बव्हंशीं तेंच ठरवी. या गोष्टीचें महत्त्व मला पुष्कळ वर्षांनीं एका वृद्ध बाईंच्या बोलण्यावरून कळलें. तें सांगण्यासाठींच हें लिहीत आहें. पण त्याआधीं शाळेची हकीकत सांगितली पाहिजे.

नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं सदाशिव पेठेंतल्या आमच्या घराच्या माडीवर छायाचित्रणाचा एक लहानसा वर्ग सुरू केला. पुण्यांत कॅमेऱ्याचें नांव काढलें कीं लोकांना प्रभात कंपनीच्या जुन्या जागेंत १९६० सालीं निघालेली चित्रपटांची सरकारी संस्था आठवते. माझा वर्ग म्हणजे त्या वाटेवरची पाणपोईसुद्धां नव्हे. दहाबारा मुलें-मुली, शनिवारची दुपार आणि माझे दोन जुने कॅमेरे, एवढाच संसार. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि माडीचा जिना चढावयास कोणी उरलें नाहीं. वर्ग मोडावा असें मीं ठरविलें होतें. आमच्या सूनबाईंनीं तें चालूं दिलें नाहीं. "बाबा, एक पैसाहि खर्च न करतां हा वर्ग घरबसल्या चालेल," असें म्हणून त्यांनीं एका संध्याकाळीं संगणकावर सारी मांडामांड करून दिली.

खरें सांगावयाचें तर तें 'एक पैसाहि' हेंच मला खटकलें. आमच्या घरीं ३६ चित्रांचा रोल पुरवून पुरवून महिना काढीत. खटका दाबण्यापूर्वीं वडील म्हणत, "आधीं डोळ्यानें काढ, मग बोटानें." चूक केली कीं ती पैशाच्या रूपानें हातांत येई, आणि म्हणून लक्षांत राही. जें फुकट मिळतें त्याची चाड राहत नाहीं, हा माझा पक्का ग्रह होता. तो अर्धा खोटा ठरला.

वर्गांतल्या बहुतेकांजवळ केवळ मोबाईल होते. मोबाईलच्या भिंगाचें छिद्र बहुधा लहानमोठें करतां येत नाहीं. तेव्हां छिद्राचा धडा त्यांना शिकवावा कसा? सूनबाईंनीं महाजालावरचीं कांहीं फुकट पानें शोधून काढलीं. त्यांत एक देखावा असतो आणि खालीं छिद्र, वेळ व संवेदनशीलता यांच्या कळा असतात. कळ सरकवावी तसें चित्र डोळ्यांदेखत पालटतें. छिद्र मोठें केलें कीं पाठीमागचीं झाडें धुक्यांत जातात, लहान केलें कीं तीं पान न् पान स्पष्ट होतात. जी गोष्ट समजावयास मला तांबड्या दिव्याखालीं दोन पावसाळे लागले, ती या मुलांना एका बैठकींत दिसली. एकानें तर मला विचारलें, "सर, छिद्र लहान होतें आणि आंकडा मोठा कां होतो?" चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता, कारण आम्ही सारे आंकडे पाठ करीत होतों. उत्तर सोपें आहे. तो आंकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २ म्हटलें तर छिद्र २५ मिलिमीटरचें, ८ म्हटलें तर सव्वासहाचें. आणि रुंदी चौथाई झाली म्हणजे उजेड सोळावा हिस्सा राहतो. तें ऐकून मुलें खुश झालीं, आणि त्यांच्याहून मी अधिक झालों.

दुसरें साधन सूर्याचें. नकाशावर स्थळ दाखवावें, तारीख घालावी, म्हणजे त्या दिवशीं सूर्य कोठून उगवेल, कोठें मावळेल आणि कोणत्या घटकेला कोणीकडे असेल, याच्या रेषा समोर उमटतात. टाळेबंदी उठल्यावर आमची मंडळी डिसेंबरांत शनिवारवाड्यावर जाऊन आली, आणि सर्वांचा दिल्ली दरवाजा काळाठिक्कर! कोणी मोबाईलला दोष दिला, कोणी नशिबाला. मीं नकाशा उघडला. दरवाज्याचें तोंड उत्तरेला. पुणें साडेअठरा अक्षांशावर. म्हणून मेचा मध्य ते जुलैची अखेर एवढे दिवस सोडले तर माध्यान्हींचा सूर्य इथें दक्षिणेलाच कललेला. डिसेंबरांत तो उगवतो-मावळतोहि दक्षिणेच्या अंगाला; त्या दर्शनी बाजूवर ऊन म्हणून पडत नाहीं. तेथें तिरपें ऊन हवें असेल तर उन्हाळ्यांत सकाळीं लवकर नाहीं तर सायंकाळीं उशिरां जावें. मी जन्मभर पुण्यांत राहिलों. दरवाज्यावर ऊन केव्हां असतें हें मला अंदाजानें ठाऊक होतें, पण कां असतें हें कधीं सांगतां आलें नव्हतें. बाजीरावसाहेबांनीं दरवाजा छायाचित्रकारांसाठीं बांधला नव्हता, हें उघडच आहे.

चित्रें धुण्यापुसण्याचें काम आम्ही जिंप नांवाच्या साधनावर करूं लागलों. तें कॅलिफोर्नियांतल्या दोन विद्यार्थ्यांनीं तयार करून १९९६ सालीं लोकांच्या हवालीं केलें, आणि तेव्हांपासून तें कोणालाहि मोफत आहे. हें मुलांना सांगतांना मला आठवलें कीं आमची ही कलाच मुळांत अशी दान म्हणून जगांत आली आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्यें फ्रेंच सरकारनें दागेर याला तहहयात पेन्शन देऊन त्याची कृति विकत घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. इंग्लंडमध्यें मात्र त्यानें पांचच दिवस आधीं पेटंट घेऊन ठेवलें होतें. दात्यालाहि हिशेब सुटत नाहीं! ती विद्या आपल्याकडे यावयास फार काळ लागला नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या मंडळींपैकीं. दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनांत छायाचित्रणाचा वर्गहि निघाला.

या भरांत मीं मुलांना सांगितलें कीं आपण इतकें फुकट घेतों, तर कांहीं फुकट द्यावें. आपलीं चांगलीं चित्रें मुक्त परवान्यानें महाजालावर ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स नांवाचे हे परवाने २००२ पासून प्रचारांत आहेत. त्यांच्या अटी पाळून कोणीहि तें चित्र कोठेंहि वापरूं शकतो. मात्र एकदां दिलेला परवाना परत घेतां येत नाहीं. हें शेवटचें वाक्य मीं वर्गांत सांगितलें नाहीं. मला तें माहीत होतें; सांगण्याजोगें वाटलें नाहीं, एवढेंच.

आमच्या वर्गांत नारायण पेठेंतली एक मुलगी होती. तिची नजर चांगली. तिच्या घरीं तिच्या आजोबांच्या भगिनी असतात. सारे त्यांना आत्याबाई म्हणतात. दुपारीं उत्तरेच्या खिडकीशीं त्या तांदूळ निवडीत बसल्या असतां या मुलीनें त्यांचें चित्र काढलें. चष्म्याची एक काडी दोऱ्यानें बांधलेली, पातळ खांद्यावर विरलेलें, बोटांवर तो मऊ उजेड. मीं तें वर्गांत दोनदां दाखविलें, आणि मीच तिला तें मुक्त परवान्यानें ठेवावयास लावलें. तीन आठवड्यांनीं तें कोणा अनोळखी माणसाच्या स्वयंपाकाच्या पानावर, भाताच्या कृतीच्या डोक्यावर झळकलें. आणि अमेरिकेंत असलेल्या आत्याबाईंच्या भाच्यानें तें पाहिलें. त्यानें रात्रीं फोन केला: "आत्याला फाटकें नेसवतां काय रे तुम्ही? पैसे पाठवूं का?" ज्या घरानें त्यांना पन्नास वर्षें मानानें सांभाळलें, त्या घराला हें ऐकावें लागलें. मुलीच्या वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं तिचा वर्ग बंद केला.

मी क्षमा मागावयास गेलों. वडील बोलेनात. चहा आला, निवला. शेवटीं आत्याबाईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, दाखवा पाहूं तें चित्र." मीं संगणक उघडला. त्यांनीं पुष्कळ वेळ पाहिलें. मग आपला हात वर करून चित्रांतल्या हाताशीं ताडून पाहिला.

"खोटें नाहीं," त्या म्हणाल्या. "तें पातळ मऊ म्हणून मी घरांत नेसतें. पण मला विचारलें असतें तर मीं दुसरें नेसलें असतें."

मी म्हणालों, चूक माझी. तुमच्या नातीची नव्हे.

"शाळा तुमची फुकटची असेल," त्या म्हणाल्या, "तोंड माझें होतें."

त्यांना विचारलें असतें तर तें चित्र झालेंच नसतें, हें मला तेथें बसल्या बसल्याहि ठाऊक होतें आणि आजहि ठाऊक आहे. वडिलांचा कोट मला त्या वेळीं आठवला. मूळ पानावरून चित्र आम्हीं त्याच दिवशीं काढून टाकलें. पण ज्यांनीं तें आधींच नेलें त्यांच्याकडे मागावयास मला तोंड नव्हतें, हक्कहि नव्हता. आत्याबाईंनीं दुसरा फोटो काढवून घेतला. हिरवें इरकली लुगडें, नवा चष्मा, पाठ ताठ, दृष्टि समोर. त्यांच्या बैठकीच्या खोलींत तो लावला आहे आणि अमेरिकेलाहि गेला आहे. त्यांत चुकीचें असें कांहीं नाहीं. पाहण्याजोगेंहि कांहीं नाहीं.

तीन महिन्यांनीं ती मुलगी परत आली. आतां वर्गांत एक वही असते. ज्याचा चेहरा चित्रांत आहे त्यानें, चित्र पाहून आणि परवाना परत घेतां येत नाहीं हें ऐकून, तींत सही केल्यावांचून तें घराबाहेर जात नाहीं. त्यामुळें आमचीं बाहेर जाणारीं चित्रें निम्म्यावर आलीं आहेत, आणि उरलेल्यांत पुष्कळशीं देवळांचीं व मांजरांचीं असतात. मुलें कुरकुरतात. मी ऐकून घेतों.

गेल्या उन्हाळ्यांत त्या मुलीनें आत्याबाईंना विचारून पुन्हां त्याच खिडकीशीं चित्र काढलें. आत्याबाईंनीं पातळ बदललें नाहीं. "काढ," म्हणाल्या, "पण घराबाहेर धाडूं नकोस." तिनें तें मला एकदांच, त्यांच्याच घरीं, त्यांच्या देखत दाखविलें. पहिल्यापेक्षां तें सरस आहे. वर्गाला दाखविण्याची परवानगी मीं दोनदां मागितली. अजून मिळालेली नाहीं.