थोरल्या भावाचे यंत्र

जुन्या वस्तूला रंग देणे हे काम दिसते तितके सोपे नाही. दाराला किंवा पेटीला रंग देताना आपण फार तर छटेचा विचार करतो. पण ज्या वस्तूशी घरातील गेलेल्या माणसाचे नाव जोडलेले असते, तिच्यावर रंग चढविण्यापूर्वी हात थबकतो. ही वस्तू आता कोणाची, आणि ती कशासाठी ठेवावयाची, हे आधी ठरवावे लागते. आमच्या घरात हा प्रश्न एका व्हिडिओ गेमच्या यंत्रावरून उभा राहिला.

आम्ही राहतो ते गोडादरा सुरत शहराच्या पूर्व भागात आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी या बाजूस आली, त्यांत आमचेही एक. कोणी यंत्रमागावर, कोणी कापडबाजारात, तर बायका घरी बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावण्याच्या कामात. माझा थोरला भाऊ यंत्रमागावर होता. १९९६ च्या दिवाळीत हाती चार पैसे आले, तेव्हा त्याने हे यंत्र घरी आणले. रात्रपाळी करून आलेला हा गृहस्थ झोपण्याऐवजी आम्हां धाकट्यांबरोबर खेळावयास बसे, आणि आई त्यावरून रागे भरे.

या यंत्राचे मूळ जपानात आहे. क्योतो येथील निन्टेन्डो कंपनी १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी निघाली. तिनेच १९८३ च्या जुलैत ‘फॅमिली कॉम्प्युटर’ विक्रीस आणला. आपल्याकडे घरोघर पोहोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला. आमचे यंत्रही तसेच. खेळाच्या प्लास्टिकच्या डबीला आपण सारे ‘कॅसेट’ म्हणत असू. कॅसेटवर ९९९९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे. आत पाहावे तो दहाबारा खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत! मूळ यंत्राची काम करावयाची स्मरणशक्ती अवघी दोन किलोबाइट होती. वाचकहो, आपण वाचीत आहात तो हा लेखही तेवढ्या जागेत मावणार नाही. एवढ्याशा सामग्रीवर त्या कारागिरांनी मारिओला पळविले आणि उड्या मारावयास लावले.

भाऊ जाऊन आता अकरा वर्षे झाली. तेव्हापासून यंत्र कापडाच्या पिशवीत, माळ्यावर होते. गेल्या दिवाळीत पुतण्याने ते खाली काढले. पांढरे प्लास्टिक जुन्या हस्तिदंतासारखे पिवळे पडले होते. ‘‘काका, आपण याला रंग देऊ,’’ तो म्हणाला. मी गप्प राहिलो. त्या पिवळेपणात मला भावाची वर्षे दिसत होती. आणि वहिनींना काय वाटेल, ही धास्तीही होती.

वहिनींनी हातातील साडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, त्यांनी ते जपून ठेवायला नव्हते आणले, खेळायला आणले होते. अकरा वर्षे मी त्याच्यावरची नुसती धूळ झाडते आहे. द्या रंग.’’ मग समोरच्या गठ्ठ्यातून मोरपंखी साडीचा पदर ओढून त्या म्हणाल्या, ‘‘हा.’’

काम सुरू झाले. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत कापडबाजार बंद, म्हणून मला सवड होती. पावसाळाही सरला होता. दमट हवेत फवाऱ्याचा रंग किंवा वार्निश मारले तर त्यावर पांढरट झाक धरते, म्हणून ही कामे कोरड्या दिवसांतच करावीत. स्क्रू काढून वरचे कवच सुटे केले, साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळविले. ४०० नंबरचा आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून हलक्या हाताने फिरविला, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर रंग धरत नाही. डाग काढण्यासाठी थिनर मात्र वापरू नये. ते प्लास्टिकच विरघळविते. कॅसेटची खाच आणि बटणांची भोके चिकटपट्टीने झाकली, कारण भोकाच्या कडेला रंगाचा थर बसला तर बटण अडकते. प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर रंगाचे चार पातळ हात, मग वार्निश, आणि प्रत्येक हातानंतर धीर धरणे. हे सर्व गच्चीवर, तोंडाला मास्क बांधून आणि चुलीपासून दूर.

आतील बदल आमच्या ओळखीच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने दाखवून दिला. आमच्या यंत्रातील चित्र आणि आवाज पत्र्याच्या एका डबीतून अँटेनाच्या तारेने टीव्हीत जात, आणि चित्रावर मुंग्या दिसत. चित्राचा संकेत त्या डबीच्या अलीकडेच उचलून, एका ट्रान्झिस्टरमधून नेऊन टीव्हीच्या पिवळ्या खाचेत दिला, की चित्र स्वच्छ होते. पुतण्याने सोल्डरिंग स्वतः केले. अ‍ॅडॉप्टर लावण्यापूर्वी त्याच्या टोकाचे धन आणि ऋण मीटरने तपासणे, कॅसेटचे धातूचे पट्टे खोडरबराने पुसणे, हेही तो शिकला. आम्ही कॅसेटमध्ये फुंकर मारीत असू. त्या ओलाव्याने पट्टे खराबच होतात, हे ज्ञान त्यानेच मला दिले.

दुसऱ्या कंट्रोलरचे कवच उघडले तेव्हा आत एक गोष्ट सापडली. तार जिथे आत शिरते तिथे ती कधी तरी तुटली होती. भावाने ती जोडून, पुन्हा ओढ बसू नये म्हणून, तिच्यावर मागावरचे पॉलिएस्टरचे सूत घट्ट गुंडाळले होते आणि विणकर मारतो तशी गाठ मारली होती. इतक्या वर्षांत ती सैल झाली नव्हती. पुतण्या वडिलांच्या हातची ती गाठ बराच वेळ पाहात राहिला. बाजारात नवी तार मिळते. पण त्याने ती बदलली नाही. ‘‘ही चालते आहे, काका,’’ एवढेच तो बोलला. ते म्हणताना त्याचा आवाज मात्र थोडा बदलला होता.

मला वाटते, माझ्या शंकेचे उत्तर त्या गाठीत होते. वस्तूवर काळाने जो मळ आणि पिवळेपणा चढविला, तो काही माणसाची आठवण नव्हे. तो पुसावा, वर खुशाल नवा रंग द्यावा. माणसाने स्वतःच्या हाताने जे केले, ते मात्र ओळखून सांभाळावे, आणि ते ओळखावयास वस्तू उघडून पाहावी लागते. पिशवीत बांधून ठेवलेल्या यंत्रातून मुलाला वडिलांचे कसब कधीच दिसले नसते.

आता मोरपंखी रंगाचे ते यंत्र टीव्हीखाली असते. रविवारी आमच्या गल्लीतील मुले नंबर लावून खेळतात, आणि दुसरा कंट्रोलर हाती आला की सांभाळून धरतात. तो तसा का धरावयाचा, हे पुतण्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.