गोळ्या जिथे भेटतात

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पिटफायरच्या सुरुवातीच्या विमानांत मशीनगन आठ, प्रत्येक पंखात चार. वैमानिक मध्ये बसतो आणि गोळ्या निघतात त्याच्या दोन्ही अंगांनी. म्हणून नळ्या किंचित आत वळवून बसवतात. ठरावीक अंतरावर साऱ्या गोळ्या एकत्र येतात, पुढे एकमेकींना ओलांडून फाकतात. हे अंतर म्हणजे कन्व्हर्जन्स. ‘आयएल-२’ या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाआधी ते मीटरमध्ये भरायचं असतं.

कितीतरी महिने मी तिथे ४०० भरत होतो. लांबूनच टिपू, हा हिशेब. गोळ्या संपायच्या आणि समोरचं जर्मन मेसरश्मिट १०९ उडतच राहायचं. एका रात्री रेकॉर्डिंग लावून ऐन गोळीबाराच्या क्षणी थांबवलं. अंतर जेमतेम २०० मीटर! ट्रेसरच्या चमकत्या रेघा शेपटीच्या डाव्या-उजव्या बाजूंनी निघून चालल्या होत्या. कागद घेतला. मधल्या रेषेपासून ३ मीटरवर असलेली गन ४०० ला जुळवली, तर २०० वर तिची गोळी अजून दीड मीटर बाहेरच असते. दोन्हीकडची मिळून ३ मीटरची मोकळी गल्ली झाली. पंखांना भोकं पडतात. इंजिन आणि वैमानिक त्या गल्लीतून सुखरूप निसटतात.

१९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनाही हेच भोवलं होतं. ४०० यार्डांची जुळवणी सेलर मलानसारख्या वैमानिकांनी २५० यार्डांवर आणली. स्पिटफायरच्या प्रत्येक गनला ३०० गोळ्या, म्हणजे सुमारे १५ सेकंदांचा गोळीबार. तेवढ्यात काय ते साधायचं. तेव्हाचे आर्मरर, म्हणजे गन सांभाळणारे कारागीर, शेपूट उचलून विमान समतल करत, समोर खुणांचा फळा उभा करत आणि एकेक नळी जुळवत. मी माऊसने एक आकडा बदलतो, पण चुकलो तर फळ तेच मिळतं.

पी-३८ लायटनिंगच्या गन नाकातच असल्याने तिथे ही कटकट फारशी नाही. पंखांत गन असलेल्या विमानात मात्र नजर फसवते. हाइन्केल १११ या जर्मन बॉम्बरचे पंख टोकापासून टोकापर्यंत २२ मीटरहून लांब. ते नेम धरायच्या साइटमध्ये लांबूनच भरतात आणि बोट आपोआप लवकर दाबलं जातं. मेसरश्मिट १०९ चे पंख त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून साइटमध्ये तेवढेच दिसायला बरंच जवळ जावं लागतं.

आता माझा आकडा २०० आहे. तुम्ही तो उचलू नका. आधी आपली दहा रेकॉर्डिंगं काढा, प्रत्येक गोळीबार थांबवून अंतर बघा आणि तेच भरा.