पिझ्झ्याचा डफ

कोपरला राहते म्हटलं की निम्म्या लोकांना घाटकोपर ऐकू येतं. उरलेले मला कोपरखैरण्याला पोचवतात, एकदोघांनी ठाण्याच्या कोपरीतही सोडलंय. नाही हो, दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं. वरच्या फलाटावरून वसईची गाडी जाते ते. पण एक आहे, चारही नावांत ‘कोपर’ ही अक्षरं ‘कोपर’ अशीच वाचतात. याच भरवशावर मी वाढले, की अक्षर दिसतं तसं म्हणायचं.

त्यानेच घात केला. मी मराठी माध्यमातली, इंग्रजी पाचवीपासून. पहिल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पाककृतीचा कागद मोठ्याने वाचायला दिला. टफ येत होतं, रफ येत होतं, म्हणून डी-ओ-यू-जी-एच मी खणखणीत ‘डफ’ वाचलं. पिझ्झ्याचा डफ! पुढे वर्षभर मी डबा उघडला की कुणीतरी टेबलावर थाप मारायचं.

परवा लेकीच्या स्पेलिंगच्या परीक्षेची यादी बघितली, तर सगळे शब्द त्या ओ-यू-जी-एचचेच. टफ, दो, थ्रू, थरो, डो, बाउ, कफ. शेपूट एकच, आवाज मात्र नाना तऱ्हेचे.

“खोकल्याला कफ म्हणतात, एवढं तरी बरं,” मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. (आपला कफ संस्कृतातला, त्यांच्या कफशी त्याचं काही नातं नाही. राहतात मात्र दोघे एकाच छातीत.)

“पण असं का?” लेकीने विचारलं. आमच्या वेळी ‘का’ नव्हतं, पाठांतर होतं. डफाचा सल मात्र गेला नव्हता, म्हणून मी मागेच शोधून ठेवलं होतं. एकेकाळी तो जीएच खरोखर उच्चारला जायचा, घशात ‘ख’ घासल्यासारखा. स्कॉटलंडचे लोक तळ्याला ‘लॉख’ म्हणतात, त्यात तो अजून आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्यानंतर स्पेलिंगं हळूहळू थिजत गेली, माणसांचे घसे मात्र बदलत राहिले. काही शब्दांत त्या आवाजाचा ‘फ’ झाला, काहींत तो गळूनच पडला. ‘नाइट’मधला जीएचही त्यातलाच. जर्मन लोक रात्रीला आजही ‘नाख्ट’ म्हणतात आणि संस्कृतातलं ‘नक्त’ त्याच घराण्यातलं.

सासूबाईंची काडी हातातच राहिली. “म्हणजे माझा सोमवारचा नक्त?”

“तोच, आई.”

“एवढ्या लांब पाहुणे!” म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

मला जरा चढलंच. लेकीला म्हटलं, “आपल्या मराठीत बघ, असली भानगड नाही. जे लिहिलंय तेच वाचायचं.”

तिने मराठीची वही ओढली आणि पहिलंच वाक्य वाचलं, “जगात पिण्याचं पाणी कमी आहे.” ‘जरा’तला ज म्हणायचा, तिने म्हटला ‘जीव’मधला. मग टेबलाकडे मान वळवून बघितलं.

“आहे की गं, अर्धा भरलाय.”