पुट्टीखालचा गंज

अश्दोदमध्ये समुद्राजवळ राहणाऱ्यांना गंज काय असतो हे सांगावे लागत नाही. खारी हवा खिडकीचे गज खाते, तशी गाडीही खाते. पण गाडीचा गंज पुष्कळदा आतून सुरू होतो. दाराखाली पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात. तिच्यात शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी खाली छिद्रे ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच राहते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा बराचसा संपलेला असतो.

इथल्या एका घरातल्या जुन्या सुबारूचे असेच झाले. अरब बहिष्कारामुळे बहुतेक जपानी कंपन्या इस्राएलला गाड्या विकत नसत, त्या काळात ही गाडी इथल्या रस्त्यांवर जिकडेतिकडे दिसे. नातवाला ती विकायची होती. तो म्हणाला, "आजोबा, पुट्टी भरतो आणि वरून रंग मारतो. कोणाला कळणार?"

आजोबा मुंबईहून आलेले. हिब्रूत ज्याला पखाख म्हणतात, त्याला मुंबईच्या गॅरेजात डेंटर म्हणत. भायखळ्याला त्यांनी पावसाळ्यात तळ गळलेल्या कितीतरी फियाट टॅक्सींना नवे पत्रे बसवले होते. त्यांनी त्या फुग्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. "अरे बाळा, सिल म्हणजे गाडीचं हाड. बाजूने कोणी धडकला तर तेच माणसाला वाचवतं. पुट्टीने हाड जुळतं का? घेणाराही कोणाचा तरी नातूच असेल ना?"

नातू गप्प झाला. तांत्रिक शाळेत तो वेल्डिंग शिकला होता. आजोबांचा हात आता थरथरतो, म्हणून टॉर्च नातवाने धरली आणि आजोबा स्टुलावर बसून सांगत राहिले.

आधी बॅटरी काढली, सीट आणि गालिचा बाहेर घेतला, पाण्याची बादली जवळ ठेवली. गाडी सपाट टेकवून दाराच्या चौकटीत आडवी सळई जोडली, कारण सिल कापल्यावर चौकट सरकली तर दार परत लागत नाही. मग कापायला सुरुवात. नातू भोकाच्या कडेला थांबला. आजोबा म्हणाले, "अजून काप. चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही." कुजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, तो जळून भोक मोठे होते. दोन बोटांचे भोक शेवटी हातभर झाले.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावरून एक मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा कापला. त्याचे कोपरे गोल ठेवले. सलग वेल्डिंग केले तर पातळ पत्रा तापून वाकतो. म्हणून आधी एक टाका इकडे, दुसरा लांब तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे, मग उरलेल्या फटी भरत जायचे. शिंपी कापड आधी कच्चे टाचून घेतो, तसेच हे.

शुक्रवारी दुपारी काम अर्धेच झाले होते. उघडा पत्रा शब्बाथ संपेपर्यंत तसाच ठेवला असता तर समुद्राच्या हवेने त्यावर पुन्हा तांबूस थर धरला असता. म्हणून त्यावर जस्ताचा प्रायमर फासून हत्यारे ठेवली.

रविवारी टाके घासून सारखे केले, सांध्यांवर सीलर भरला. पुट्टी लागलीच, पण नखाएवढ्या जाडीची, फक्त खाचा लपवायला. रंग वाळल्यावर पोकळीत मेणाचा फवारा मारला आणि खालची छिद्रे तारेने मोकळी केली.

गाडी घ्यायला आलेल्या माणसाला नातवाने कापलेल्या सिलचे फोटो दाखवले. दुसऱ्या बाजूचे सिल अजून जुनेच आहे, तेही लवकर तपासून घ्या, हेसुद्धा त्याने न विचारता सांगितले.